ग्राफिक्स कार्डचा प्लग का वितळतो आणि फर्मवेअर अपडेट त्याला का वाचवू शकत नाही?

दोन लाख चौदा हजार रुपये. एनव्हिडियाने आरटीएक्स ५०९० भारतात आणलं तेव्हा जाहीर केलेली ही सुरुवातीची किंमत. दुकानात प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त मोजावी लागली, ते वेगळं. कार्ड ३० जानेवारी २०२५ला विक्रीला आलं आणि दोन आठवड्यांच्या आत वितळलेल्या पॉवर प्लगचे फोटो इंटरनेटवर फिरायला लागले. त्याच काळात या सीरिजबद्दल दुसरी एक तक्रारही जोरात होती, ती म्हणजे चालता चालता स्क्रीन काळी होणं.

या दोन तक्रारी लोकांच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्याचा त्रास होतोय. ज्याचा प्लग तापतोय तो ड्रायव्हर बदलत बसतो. ज्याचं फर्मवेअर जुनं आहे तो नवीन पॉवर सप्लाय विकत घेतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्या धंद्यात काहीही बिघडलं की आधी अपडेट मारून बघायचं, ही सवयच असते. पण इथे एक गोष्ट अशी आहे की जी कुठल्याही अपडेटने सुटणार नाही. का, ते नीट समजून घेऊ.

आधी आकडे. ग्राफिक्स कार्डला वर्षानुवर्षं जो ८ पिनचा प्लग लागायचा, त्याची मर्यादा १५० वॅट. १२ व्होल्टवर म्हणजे साडेबारा अँपिअर, आणि हा करंट तीन वायरींत वाटला जायचा. एका पिनवर सव्वाचार अँपिअरच्या आतच. पिनची स्वतःची ताकद त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे प्लग थोडा सैल बसला, एखादी पिन जुनी झाली, तरी निभावून जायचं.

नवीन १६ पिनचा प्लग, ज्याचं मूळ नाव १२व्हीएचपीडब्ल्यूआर, तो एकटाच ६०० वॅट देतो. म्हणजे ५० अँपिअर, सहा वायरींत. एका पिनवर ८.३३ अँपिअर, आणि पिनची क्षमता ९.५ अँपिअर. पूर्वी हाताशी जवळपास दुप्पट होती, आता जेमतेम १४ टक्के. शिवाय पिना आकाराने लहान आणि एकमेकींच्या जास्त जवळ. जुन्या प्लगमध्ये दोन पिनांमधलं अंतर ४.२ मिलिमीटर होतं, यात ३ मिलिमीटर.

हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: सहाही वायरी सारखा भार उचलतील. पालखीला सहा जणांनी खांदा दिलाय आणि सगळ्यांची उंची सारखी आहे असं समजा. प्रत्यक्षात तसं होत नाही. पिन आणि तिच्या खोबणीतला स्पर्श कुठे घट्ट, कुठे जरा सैल असतो. जिथे स्पर्श चांगला तिथे रोध कमी, आणि करंट नेहमी तिकडेच जास्त धावतो. चार जणांचे खांदे किंचित खाली गेले की उरलेल्या दोघांवर सगळं वजन येतं. या प्रकरणातली वाईट गोष्ट हीच, की जी पिन चांगली बसली आहे तीच जळते.

फेब्रुवारी २०२५मध्ये जर्मनीचा ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंग, ज्याला सगळे डेरबाउअर म्हणून ओळखतात, त्याने स्वतःच्या ५०९०वर हेच मोजून दाखवलं. प्रत्येक वायरीला क्लॅम्प मीटर लावला. जिथे आठ अँपिअर असायला हवे तिथे एका वायरीत २० अँपिअरच्या वर करंट, आणि पॉवर सप्लायच्या बाजूचं तापमान १५० अंशांच्या पुढे. कार्ड मात्र व्यवस्थित चालू होतं. ना कुठली वॉर्निंग, ना फ्रेम रेटमध्ये फरक.

उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे बारावीच्या फिजिक्समधलं सूत्र आठवत असेल. समजा एका पिनच्या स्पर्शाचा रोध ५ मिलिओहम आहे. आठ अँपिअरला तिथे ०.३२ वॅट उष्णता होईल, हाताला लागणारही नाही. बावीस अँपिअरला तीच २.४ वॅट, म्हणजे साडेसात पट. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत कोंडलेली. पुढे धातूचा स्प्रिंग मऊ पडतो, स्पर्श आणखी बिघडतो, उष्णता आणखी वाढते.

आता प्रश्न असा की दोन लाखांच्या कार्डला हे कळत कसं नाही? कारण त्याला ते दिसतच नाही. करंट मोजायला बोर्डवर शंट नावाचे बारीक रेझिस्टर असतात. २०२२च्या मार्चमध्ये आलेल्या आरटीएक्स ३०९० टीआयमध्ये सहा वायरींच्या तीन जोड्या केल्या होत्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा शंट होता. कार्ड तिन्ही जोड्यांवर लक्ष ठेवून भार सारखा वाटायचं. अगदी वाईट वेळ आली, जोडीतली एक वायर निकामी झाली, तरी दुसरीवर जास्तीत जास्त साडेबारा अँपिअरच्या आसपास करंट येणार. चांगलं नाही, पण आगही नाही. एक अख्खी जोडी तुटली तर कार्ड चालणारच नाही, आणि हे उत्तमच.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला आरटीएक्स ४०९० आलं. तेवढेच ४५० वॅट, तोच प्लग. पण सहा वायरी बोर्डवर पोचल्या पोचल्या एकाच तांब्याच्या पट्टीत विलीन. शंट त्यानंतर. म्हणजे कार्डला पालखीचं एकूण वजन कळतं, कोणाच्या खांद्यावर किती आहे ते नाही. यूट्यूबवर बिल्डझॉइड नावाने सर्किट बोर्डांचं विश्लेषण करणाऱ्याने हा फरक बोर्डच्या फोटोंवरून फार छान उलगडून दाखवला आहे. ५०९०मध्येही साधारण हीच रचना आहे आणि भार मात्र ५७५ वॅट. सहा वायरींनी अगदी सारखं वाटून घेतलं तरी प्रत्येकीवर आठ अँपिअर.

म्हणून ‘एनव्हिडिया ड्रायव्हर अपडेट देऊन हे दुरुस्त का करत नाही’ या प्रश्नाला मी सरळ उत्तर देतो: करूच शकत नाही. सॉफ्टवेअरला जो आकडा मिळतच नाही, त्यावर ते निर्णय काय घेणार? एचडब्ल्यूइन्फोसारख्या टूलमध्ये १६ पिन प्लगचा व्होल्टेज दिसतो, तो भाराखाली एरवीपेक्षा खूप खाली जात असेल तर संशय घ्यायला हरकत नाही. पण तोही सहा वायरींचा मिळून एकच आकडा आहे. असुसच्या आरटीएक्स ५०९० ॲस्ट्रलमध्ये प्रत्येक पिनचा करंट वेगळा मोजून सॉफ्टवेअरमध्ये दाखवतात. ही चांगली सुधारणा आहे. तरी ते कार्डसुद्धा फक्त सांगतं, भार वाटत नाही.

प्लगच्या कडेला चार छोट्या पिना असतात, त्यांना सेन्स पिन म्हणतात, आणि या नावामुळे बराच गैरसमज होतो. त्या करंट मोजत नाहीत. ही केबल किती वॅटची आहे आणि प्लग लागलाय का, एवढंच त्या कार्डला सांगतात. २०२३मध्ये प्लगची सुधारित आवृत्ती आली, १२व्ही-२×६. त्यात सेन्स पिना दीड मिलिमीटर आखूड केल्या आणि मुख्य पिना पाव मिलिमीटर लांब. हेतू हा की प्लग अर्धवट बसला तर सेन्स पिना टेकणारच नाहीत आणि कार्ड पॉवर घेणार नाही. अर्धवट बसलेल्या प्लगचा प्रश्न यामुळे खरंच कमी झाला. पण पूर्ण बसलेल्या प्लगमध्ये करंट असमान वाटला गेला तर ही सुधारणा काय करणार?

दोष वापरणाऱ्याचा?

२०२२च्या ऑक्टोबरअखेर ४०९०चे प्लग वितळायला लागले तेव्हा एनव्हिडियाने १८ नोव्हेंबरला निवेदन काढलं. जगभरात सुमारे ५० प्रकरणं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी प्लग पूर्ण बसवलेला नव्हता, असा त्याचा सूर होता. गेमर्स नेक्सस या चॅनेलने स्वतंत्र तपास केला, त्यातही अर्धवट बसलेला प्लग आणि आत अडकलेले बारीक कण ही कारणं पुढे आली. प्रमाण त्यांनी ०.०५ ते ०.१ टक्का धरलं. पुढे केबलमॉड कंपनीचे काटकोनी अडॅप्टर गाजले. डिसेंबर २०२३मध्ये कंपनीने ते परत मागवले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २५,३०० अडॅप्टरची अधिकृत रिकॉल नोटीस काढली. सैल होणं, तापणं, वितळणं अशा २७२ तक्रारी त्यात नोंदल्या होत्या.

प्लग नीट न बसवणं हे कारण खोटं नाही. पण माझ्या मते ते अर्धंच उत्तर आहे. अर्धा मिलिमीटर चुकला तर चुकीला जागाच न ठेवणारं डिझाईन, आणि चूक झाली तर ती ओळखणारं सर्किट काढून टाकलेलं. अशा वेळी ‘तुम्ही नीट लावला नाही’ म्हणणं म्हणजे जिन्याचा कठडा काढून पडणाऱ्याला बेसावध म्हणण्यासारखं आहे. जुना ८ पिनचा प्लग आपण सगळ्यांनीच कसाही लावलाय, आणि तो चाललाय. एएमडीची ३०४ वॅटची आरएक्स ९०७० एक्सटी बहुतेक ब्रँड आजही जुन्याच प्लगवर विकतात. मोजक्या मॉडेलांत नवा प्लग आहे.

आपल्याकडे यात हवामानाचीही भर पडते. कनेक्टरचं रेटिंग ‘भोवतालच्या तापमानापेक्षा ३० अंशांपर्यंत वाढ’ या हिशेबाने दिलेलं असतं. युरोपात खोली २२ अंश. अकोल्याला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ४० अंश, आणि बंद काचेच्या केसमध्ये ग्राफिक्स कार्डच्या गरम हवेत आणखी दहा-पंधरा. सुरुवातच तिथून होते.

मग आपल्या पीसीत नेमकं काय झालंय?

स्क्रीन काळी कधी होते, हे आधी बघा. बाकी सगळं नंतर.

पीसी चालू केल्यावर मदरबोर्डचा लोगोच दिसत नाही, पण विंडोज लोड झालं की चित्र येतं, किंवा रीस्टार्ट केल्यावरच स्क्रीन कोरी राहते: हे फर्मवेअरचं लक्षण. कार्डमधलं यूईएफआय फर्मवेअर आणि मदरबोर्डचं बायोस यांचं जमत नाही. आरटीएक्स ४०६० टीआयसाठी आणि पुढे ५०६० व ५०६० टीआयसाठी एनव्हिडियाने नेमकं याचसाठी फर्मवेअर अपडेट टूल दिलं. स्क्रीन कोरी असताना टूल चालवायचं कसं? आधी मदरबोर्डचं बायोस अपडेट करा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून विंडोजमध्ये शिरा. तेही नसेल तर बायोसमध्ये बूट मोड बदलून सीएसएम चालू करून बघा. हा त्रास नसेल तर मात्र टूलच्या वाटेला जाऊ नका. फर्मवेअर लिहिताना वीज गेली तर काय होतं हे महावितरणच्या ग्राहकाला सांगायला नको. यूपीएस असेल तरच हात घाला.

डेस्कटॉपवर निवांत असताना, मॉनिटर झोपेतून उठताना किंवा रिफ्रेश रेट बदलताना स्क्रीन जाते: बहुधा ड्रायव्हर. आरटीएक्स ५० सीरिजचे २०२५च्या सुरुवातीचे ५७२ मालिकेतले ड्रायव्हर यासाठी बदनाम होते. एप्रिलमध्ये आलेल्या ५७६.०२मध्ये दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती. डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय केबल लावून बघणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे. रायझर केबल वापरत असाल तर बायोसमध्ये पीसीआय एक्सप्रेस ५.० वरून ४.० करा. बऱ्याच जणांचा त्रास एवढ्यानेच थांबला.

गेम किंवा रेंडर जोरात सुरू असताना स्क्रीन जाते आणि कार्डचे पंखे विमानासारखे ओरडायला लागतात: इथे आधी प्लगवर संशय घ्या. बऱ्याचदा भाराखाली सेन्स पिनचा स्पर्श तुटलेला असतो. लिनक्सवर लॉगमध्ये एक्सआयडी ७९, म्हणजे कार्ड बसवरून गायब झालं, अशी नोंद मिळते. आणि पीसीच्या पीसी फट्कन बंद पडत असेल तर पॉवर सप्लायचं संरक्षण लागतंय, तो अपुरा आहे किंवा म्हातारा झालाय.

माझ्या ऑफिसातल्या एकाकडे ४०९० आहे, ब्लेंडरच्या कामासाठी घेतलेलं. वीस मिनिटं रेंडर चाललं की स्क्रीन काळी, पंखे फुल. चार ड्रायव्हर बदलून झाले होते. दुकानदाराचा सल्ला एकच, ‘फॉरमॅट मारा, नीट होईल.’ मी त्याला फक्त पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणायला सांगितलं. त्या रात्री आठ तासांचं रेंडर न अडता पूर्ण झालं. यावरून प्लगच दोषी असं सिद्ध होत नाही, चिपच भाराखाली अस्थिर असेल तरी असंच दिसतं. पण कुठे बघायचं ते कळलं. पीसी बंद करून बाजूची काच काढली तर केबल प्लगच्या तोंडाशीच काटकोनात दुमडलेली, कारण काच तिला दाबत होती. प्लगची एक बाजू किंचित वर आली होती आणि कडेच्या दोन पिनांजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. केबल बदलली, केस मोठी घेतली.

७० टक्क्यांची ही युक्ती नुसती तपासणीसाठी नाही, कायमची ठेवण्यासारखी आहे. ४०९०वर ४५० वॅटचे ३१५ होतात, एका पिनवर जेमतेम ४.४ अँपिअर. ५०९०वर ५७५चे ४०० आणि प्रत्येक पिनवर साडेपाचच्या आसपास. करंट ३० टक्क्यांनी घटला की पिनमधली उष्णता निम्मी होते, कारण पुन्हा तो वर्गच. वेग त्या मानाने खूपच कमी घटतो. इतकं महाग कार्ड घेऊन लिमिट का लावायचं, असं वाटणं साहजिक आहे. मी तरी लावेन.

याच्या बरोबर उलटं करणारे लोकही आहेत. दुसऱ्या ब्रँडच्या जास्त पॉवर लिमिटची बायोस फाईल शोधून ती आपल्या कार्डवर फ्लॅश करतात. फर्मवेअर आणि प्लग यांचा खरा संबंध येतो तो इथे: कार्डला ६०० वॅटच्या वर जाऊ देणारं फर्मवेअर म्हणजे आधीच जेमतेम असलेला तो १४ टक्क्यांचा फरकही खाऊन टाकणं. कृपया करू नका.

अजून एक सल्ला सगळीकडे मिळतो, ‘दर आठवड्याला प्लग काढून तपासा.’ हा चुकीचा आहे. या कनेक्टरचं रेटिंग जेमतेम ३० वेळा काढण्या-घालण्याचं आहे. वर्षाच्या आत तुम्हीच तो सैल कराल. एकदा सरळ दाबून बसवा, खटका ऐका, टॉर्च लावून फट दिसत नाही ना बघा, आणि प्लगपासून निदान ३५ मिलिमीटर केबल सरळ राहू द्या. मग हात लावू नका. अडॅप्टरपेक्षा पॉवर सप्लायबरोबर आलेली १६ पिनची केबल केव्हाही बरी. एका ब्रँडच्या पॉवर सप्लायची केबल दुसऱ्याला लावू नका, प्लग बसतो पण आतली वायरिंग वेगळी असू शकते.

आणि जळक्या प्लास्टिकचा वास आलाच तर? आधी भिंतीवरचं बटण बंद. पूर्ण थंड होऊ द्या. प्लग ओढायच्या आधी, तो लावलेल्या अवस्थेतच, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्लग पूर्ण बसलेला होता की नाही याचा पुरावा एवढाच असतो, एकदा उपटला की गेला. चिकटला असेल तर जोर लावू नका, केबल आणि कार्ड दोन्ही तसंच सर्व्हिस सेंटरला दाखवा. बिल जपून ठेवा. अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवलेल्या कार्डची वॉरंटी बऱ्याच ब्रँडच्या बाबतीत इथे चालत नाही, हे घेण्याआधीच विचारलेलं बरं.

सर्व्हिस सेंटरने ‘वापरणाऱ्याची चूक’ लिहून हात वर केले तर विषय तिथे संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात डिझाईनमधला दोष व अपुऱ्या सूचना ही दोन्ही कारणं नावानिशी दिलेली आहेत. फक्त ते प्रकरण कार्डमुळे झालेल्या इतर नुकसानीसाठी आहे, म्हणजे जळालेला मदरबोर्ड, टेबल, भिंत. खुद्द कार्डासाठी सदोष मालाची नेहमीची तक्रार करायची. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून करता येते. पुढे जिल्हा आयोगात जायची वेळ आली तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही. समोरचा वकील सगळ्यात आधी विचारेल की कार्डात काही फेरफार केले होते का, कारण कायद्यात विक्रेत्याला तेवढी पळवाट ठेवली आहे. दुसऱ्याची बायोस फ्लॅश केलेली असेल तर या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.